आंतरजालाशी जोडलेले घरगुती गजर-घड्याळ

आंतरजालाशी जोडलेले घरगुती गजर-घड्याळ हे मायक्रोकंट्रोलर किंवा छोटा संगणक, डिस्प्ले, स्पीकर आणि वाय-फाय जोडणी यांच्या साहाय्याने घरी तयार केलेले घड्याळ होय. बोलीभाषेत त्यास ‘स्मार्ट गजर’ असेही म्हणतात. असे घड्याळ आपली वेळ आंतरजालावरील सर्व्हरकडून जुळवून घेते, तसेच गजर केव्हा आणि कसा वाजवावा हे ठरवताना हवामान, दिनदर्शिका, सूर्योदय यांसारखी बाहेरची माहिती विचारात घेऊ शकते. रास्पबेरी पाय (२०१२), ईएसपी८२६६ (२०१४) आणि ईएसपी३२ (२०१६) हे स्वस्त बोर्ड व चिप उपलब्ध झाल्यानंतर अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि हौशी कारागीर यांच्यात हा प्रकल्प रूढ झाला.

प्रकल्प दिसायला साधा असला, तरी गजराच्या घड्याळाकडून असलेली अपेक्षा इतर घरगुती उपकरणांहून निराळी असते. वाय-फायवरचा दिवा एखाद्या दिवशी लागला नाही, तर तो उठून हाताने लावता येतो. गजर वाजला नाही हे लक्षात येते तेव्हा मात्र पहाटेची गाडी सुटलेली असते किंवा परीक्षेचा पहिला तास संपलेला असतो. म्हणून आंतरजाल नसताना, वीज नसताना आणि आज्ञावलीचा एखादा भाग बंद पडला असतानाही गजर वाजणे हा या रचनेचा पहिला निकष मानला जातो. बाकीच्या सोयी त्यानंतर येतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या काँकर्ड गावातील घड्याळजी लेव्ही हचिन्स याने १७८७ मध्ये स्वतःसाठी एक गजराचे घड्याळ बनविले होते. ते केवळ पहाटे चार वाजताच वाजत असे. हव्या त्या वेळेला लावता येणाऱ्या यांत्रिक गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ मध्ये घेतले. बटण दाबून गजर काही मिनिटे लांबविण्याची ‘स्नूझ’ सोय असलेले जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनचे घड्याळ १९५६ मध्ये बाजारात आले.

आंतरजालाशी जोडलेल्या तयार उपकरणांपैकी दोहोंचा इतिहास या प्रकल्पाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्रान्समधील व्हायोलेट कंपनीने २००५ मध्ये ‘नाबाझताग’ हा सशाच्या आकाराचा, कान हलविणारा आणि बोलणारा वाय-फाय साथी विकावयास आणला. अमेरिकेत अँड्र्यू हुआंग आणि सहकाऱ्यांनी ‘चंबी’ हे उशाशी ठेवायचे छोटे पडद्याचे उपकरण तयार केले. ते २००८ पासून विक्रीस उपलब्ध झाले. दोन्ही उपकरणांचे बहुतेक कामकाज कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होते. नाबाझतागचे सर्व्हर २०११ मध्ये बंद झाले, चंबीची कंपनी २०१२ मध्ये बंद पडली, आणि घरोघरची चांगली चालती उपकरणे जवळजवळ निरुपयोगी झाली. पुढे हौशी लोकांनीच दोहोंना पुन्हा चालते केले. नाबाझतागच्या पोटात तर रास्पबेरी पाय झीरो बसविण्यासाठी स्वतंत्र सर्किट बोर्ड तयार करण्यात आला. ‘दुसऱ्याचा सर्व्हर बंद झाला तरी माझे घड्याळ चालले पाहिजे’ ही घरी घड्याळ बनविण्यामागची एक प्रमुख प्रेरणा आहे.

मोठ्या कंपन्यांच्या उपकरणांतही गजर चुकण्याची उदाहरणे आहेत. १ जानेवारी २०११ रोजी आयफोनमधील एकदाच वाजावयाचे गजर वाजले नाहीत. रोज वाजणारे गजर मात्र बिनचूक वाजले. कारण तारीख हाताळण्यातील दोषाचे होते आणि ३ जानेवारीपासून तो आपोआप नाहीसा झाला. गजराच्या आज्ञावलीत सर्वांत अवघड भाग आवाजाचा नसून कालगणनेचा असतो, हे यावरून दिसते.

वेळेचा स्रोत

क्वार्ट्झ स्फटिकावर चालणाऱ्या बहुतेक घड्याळांत सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा स्फटिक असतो. ही संख्या २ चा १५ वा घात असल्याने ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद मिळतो. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत सुमारे २० भाग एवढी धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट इतका फरक पडतो. तापमान बदलल्यास तो आणखी वाढतो.

हा फरक दूर करण्यासाठी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल अर्थात एनटीपी वापरतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी तो विकसित केला. त्याचे पहिले अधिकृत वर्णन १९८५ चे आणि चौथ्या आवृत्तीचे २०१० चे आहे. घड्याळ आपली वेळ टिपून सर्व्हरला विचारणा पाठविते. सर्व्हर विचारणा पोहोचल्याची आणि उत्तर निघाल्याची अशा दोन वेळा नोंदवून परत पाठवितो. उत्तर हाती आल्याची वेळ घड्याळ पुन्हा टिपते. या चार नोंदींवरून प्रवासास लागलेला काळ आणि दोन घड्याळांतील फरक काढता येतो. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे गृहीत धरलेले असते. ते पूर्णतः खरे नसले, तरी होणारी चूक सेकंदाच्या लहान अंशाएवढीच राहते. गजरासाठी इतकी अचूकता गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे. लीप सेकंदाची चिंता करण्याचेही कारण नाही. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस घालण्यात आला.

भारतीय प्रमाण वेळ राखण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते आणि तिचे एनटीपी सर्व्हर आहेत. याखेरीज २००३ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांच्या सर्व्हरवर चालणारा ‘एनटीपी पूल’ हौशी प्रकल्पांत सर्रास वापरतात. सर्व्हरला ताशी एकदा विचारणे पुरेसे असते. तेवढ्या काळात साध्या स्फटिकाची चूक सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतही पोहोचत नाही. अकारण वारंवार विचारणे हे सार्वजनिक सोयीचा गैरवापर करण्यासारखे आहे. नेटगिअर कंपनीच्या काही घरगुती राउटरांत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या एका वेळ-सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहिलेला होता आणि उत्तर न मिळाल्यास राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारणा करीत. २००३ मध्ये या विचारणांचा लोंढा त्या विद्यापीठावर येऊन आदळला. सर्व्हरचा आकडी पत्ता आज्ञावलीत न लिहिता नाव लिहावे आणि उत्तर न आल्यास पुढच्या प्रत्येक प्रयत्नाआधी अधिकाधिक थांबावे, हा संकेत अशा प्रसंगांतून रूढ झाला.

प्रमाण वेळ आणि वेळक्षेत्रे

एनटीपी जगाची समन्वित वेळ देते. स्थानिक वेळ घड्याळानेच काढावयाची असते. भारतासाठी साडेपाच तास मिळविले की काम भागते. ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आधारलेली ही प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वीची मुंबई वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि मुंबईत तिचा वापर १९५५ पर्यंत टिकून राहिला. आज संपूर्ण देशात एकच वेळ असल्याने भारतातील घड्याळाला वेळक्षेत्राचा त्रास होत नाही; एका ठिकाणी मात्र पुष्कळांची फसगत होते. ईएसपी कुटुंबातील बोर्डांवर वेळक्षेत्र ज्या पॉझिक्स पद्धतीने लिहितात, तिच्यात चिन्ह उलटे असते. भारतासाठी अधिक साडेपाच न लिहिता उणे साडेपाच लिहावे लागते. चिन्ह चुकल्यास घड्याळ अकरा तास मागे पडते आणि सकाळी साडेसहाचा गजर संध्याकाळी साडेपाचला वाजतो.

अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्यांसाठी हे काम अधिक नाजूक आहे. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन वाजता घड्याळे एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे केली जातात. मार्चमधील त्या रात्री अडीच ही वेळ अस्तित्वातच नसते, तर नोव्हेंबरमधील रात्री दीड ही वेळ दोनदा येते. त्या सुमारास गजर लावणारे थोडेच, परंतु सकाळच्या गजराची वेळ आदल्या रात्रीच ‘इतक्या सेकंदांनी’ अशी मोजून ठेवणारी आज्ञावली या दोन्ही रविवारी एक तासाने चुकते. वेळ नेहमी समन्वित स्वरूपात साठवावी, तुलनाही त्याच स्वरूपात करावी आणि स्थानिक वेळेत रूपांतर केवळ दाखविताना व गजराचा क्षण काढताना करावे.

दोन तारखा अजून यावयाच्या आहेत. एनटीपीमधील सेकंदांची गणना १ जानेवारी १९०० पासून ३२ बिटांत होते आणि ती ७ फेब्रुवारी २०३६ रोजी पुन्हा शून्यावर येईल. युनिक्स पद्धतीची ३२ बिटी चिन्हयुक्त गणना १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर संपेल. नव्या साधनसंचांत वेळेसाठी ६४ बिट वापरतात, तरीही जुन्या लायब्ररी जोडताना ही बाब तपासावी लागते. टिकाऊ बांधणीचे घड्याळ तोवर उशाशी असणे अशक्य नाही.

घटक

सर्वाधिक प्रचलित रचना ईएसपी३२ वर आधारलेली असते. या चिपमध्ये वाय-फाय अंगभूत असते, ती ३.३ व्होल्टवर चालते आणि घड्याळासाठी तिची क्षमता भरपूर असते. ती केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखते. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असल्यास जोडणी होत नाही. रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक असल्याने आंतरजालावरील रेडिओ, दिनदर्शिका इत्यादी गोष्टी त्यावर सोप्या जातात; मात्र तो सुरू होण्यास वेळ घेतो आणि अचानक वीज गेल्यास त्याचे मेमरी कार्ड खराब होण्याचा धोका राहतो. शिवाय २०२३ च्या पाचव्या पिढीपर्यंत त्याच्या मुख्य बोर्डांवर स्वतंत्र वेळ राखणारी चिप नव्हती. केवळ घड्याळ करावयाचे असेल, तर ईएसपी३२ ची निवड अधिक शहाणपणाची ठरते.

वीज व आंतरजाल दोन्ही नसतानाही वेळ पुढे चालू ठेवण्यासाठी डीएस३२३१ ही चिप वापरतात. तिच्यात तापमानानुसार दुरुस्ती करणारा स्फटिक असतो आणि ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात तिची चूक दहा लाखांत २ भागांपेक्षा अधिक नसते. म्हणजे वर्षभरात साधारण एक मिनिट. तिच्या पूर्वीची डीएस१३०७ स्वस्त असली, तरी तिचा स्फटिक बाहेरून जोडावा लागतो व त्यात तापमानाची दुरुस्ती नसते. बाजारात मिळणाऱ्या डीएस३२३१ च्या एका लोकप्रिय निळ्या मॉड्यूलवर बटण सेल चार्ज करणारा डायोड व रेझिस्टर असतो. तो पुन्हा चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. त्या जागी नेहमीचा सीआर२०३२ सेल घालून मॉड्यूलला ५ व्होल्ट दिल्यास चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये विद्युतप्रवाह ढकलला जातो. सेल फुगू किंवा गळू शकतो. तो रेझिस्टर किंवा डायोड काढून टाकणे अथवा मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालविणे हे यावरचे नेहमीचे उपाय आहेत.

डिस्प्लेची निवड बहुतांशी आवडीची असते. टीएम१६३७ चिप असलेला चार अंकी सात-रेषी डिस्प्ले स्वस्त व दुरून वाचता येणारा असतो. मॅक्स७२१९ वर चालणाऱ्या ठिपक्यांच्या पाटीवर देवनागरी अंक दाखविता येतात. सात रेषांच्या चौकटीत ते नीट बसत नाहीत. ओलेड पडदे सुबक असले, तरी तेच आकडे त्याच जागी वर्षानुवर्षे दाखविल्यास त्यांवर पुसट ठसे उमटतात. रात्री डिस्प्ले मंद होणे आवश्यक असते. त्यासाठी प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर पुरतो. निळसर प्रकाश शरीराच्या निद्राचक्रात अधिक व्यत्यय आणतो, म्हणून शयनगृहात लाल आकडे बरे.

वीजपुरवठा

घरातील २३० व्होल्टची जोडणी स्वतः करू नये. मोबाईलचा प्रमाणित ५ व्होल्टचा अडॅप्टर वापरल्यास तो धोका पूर्णतः टळतो. वाय-फाय सुरू होताना ईएसपी चिप क्षणभर बराच विद्युतप्रवाह खेचते. वायर बारीक किंवा अडॅप्टर कमकुवत असल्यास व्होल्टेज खाली येऊन चिप पुन्हा पुन्हा रीसेट होते. पुरवठ्याजवळ काहीशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने हा त्रास बहुधा थांबतो.

भारनियमन किंवा पावसाळ्यातील खंडित वीज लक्षात घेता बॅटरीचा आधार अपरिहार्य ठरतो. पॉवर बँक हा सोपा पर्याय वाटतो, परंतु पुष्कळ पॉवर बँका विद्युतप्रवाह फार कमी झाला की भार जोडलेलाच नाही असे समजून आपोआप बंद होतात, आणि घड्याळाचा वापर तेवढाच कमी असतो. काही पॉवर बँका चार्ज होत असताना बाहेर वीज देत नाहीत. हे दोन्ही गुण प्रत्यक्ष वापरून तपासावे लागतात. १८६५० आकाराचा एक लिथियम सेल आणि टीपी४०५६ चार्जर ही जोडीही प्रचलित आहे. त्यात संरक्षक सर्किट असलेलेच मॉड्यूल घ्यावे. चार्जिंग चालू असताना घड्याळ थेट सेलवरून वीज घेत राहिल्यास चार्जिंग पूर्ण झाले हे चार्जरला ओळखता येत नाही. त्यासाठी बाहेरची वीज असताना घड्याळाला सेलपासून वेगळे करणारी जोडणी आवश्यक असते.

वीज गेली की राउटरही बंद पडतो, आणि ती परत आल्यावर घड्याळ राउटरच्या कितीतरी आधी सुरू होते. नमुना म्हणून दिलेल्या अनेक आज्ञावलींत ‘वाय-फाय जोडले जाईपर्यंत थांबा’ अशी सूचना पहिल्याच ओळींत असते. अशी आज्ञावली असलेले घड्याळ पहाटे तीनला वीज येऊन गेल्यावर राउटर परत येईपर्यंत, आणि राउटर आलाच नाही तर सकाळपर्यंत, नुसते थांबून राहते. सुरू होताच आधी डीएस३२३१ कडून वेळ घेणे, गजर तपासणे आणि मग सवडीने वाय-फायचा प्रयत्न करणे हा योग्य क्रम होय.

आज्ञावलीची रचना

आज्ञावली साधारणतः चार-पाच अवस्थांत विभागतात: शांत, वाजत असलेली, स्नूझमध्ये गेलेली, बंद केलेली आणि मांडणी बदलण्याची. कोणत्या घटनेने कोणत्या अवस्थेतून कोठे जावे हे आधी कागदावर काढल्यास पुढचे लेखन सोपे होते.

नवशिक्याची आज्ञावली बहुधा ‘तास ६, मिनिट ३०, सेकंद ०’ अशी तुलना करते. त्या एका सेकंदात घड्याळ हवामानाची विचारणा करण्यात गुंतलेले असल्यास तुलना होतच नाही आणि गजर चुकतो. केवळ तास व मिनिट तपासल्यास उलट गोष्ट घडते: बंद केलेला गजर त्याच मिनिटात पुन्हा वाजू लागतो. खात्रीची पद्धत अशी की पुढच्या गजराचा नेमका क्षण समन्वित वेळेत काढून ठेवावा, आणि ‘आताची वेळ त्या क्षणाइतकी किंवा त्यापुढे गेली आहे काय’ एवढेच तपासावे. गजर वाजताच त्याच्या पुढचा क्षण काढून कायमस्वरूपी मेमरीत नोंदवावा. यास एक मर्यादा घालावी लागते. घड्याळ बंद असताना गजराची वेळ उलटून गेली आणि ते दहा मिनिटांत पुन्हा सुरू झाले, तर गजर वाजविणे रास्त आहे. चार तासांनी सुरू झाल्यास तो सोडून द्यावा आणि चुकल्याची खूण पडद्यावर दाखवावी.

बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजले जात असल्याने ती गणना ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येते. दोन क्षणांची थेट तुलना न करता त्यांची वजाबाकी तपासल्यास या उलाढालीचा परिणाम होत नाही. एक-दोन दिवस चालवून पाहिलेल्या घड्याळात हा दोष कधीच दिसत नाही. दीड महिन्याने स्नूझचे बटण विचित्र वागू लागते तेव्हा तो उघड होतो. आज्ञावली कोठे अडकून पडल्यास चिप आपोआप रीसेट करणारा वॉचडॉग चालू ठेवावा. बटण एकदा दाबल्यावर संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो. तेवढ्या काळातील पुढचे संकेत दुर्लक्षित करावे लागतात.

या सर्वांखाली आणखी एक सुरक्षा-थर देता येतो. डीएस३२३१ मध्ये स्वतःचे दोन गजर असतात आणि वेळ झाली की तिची एक पिन खालच्या पातळीवर येते. त्या पिनेवरून ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने एक स्वतंत्र बझर चालविल्यास आणि चिपमधील गजर मुख्य गजराच्या पाच मिनिटे पुढे लावून ठेवल्यास, मुख्य आज्ञावली ठप्प झाली तरी बझर वाजतो. आज्ञावली नीट चालू असेल आणि झोपलेल्याने गजर बंद केला असेल, तर ती हा राखीव गजर दुसऱ्या दिवसावर नेते. थोड्याशा जादा भागांत मिळणारा हा भरवसा कोणत्याही ‘स्मार्ट’ सोयीपेक्षा मोलाचा आहे, तरी फार थोड्या घरगुती रचनांत तो आढळतो.

आवाज व प्रकाश

छोटे पिझो बझर बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झच्या कर्कश आवाजात वाजतात. वयोमानानुसार उच्च कंप्रतेचा आवाज ऐकण्याची क्षमता आधी कमी होते. त्यामुळे तरुणाला असह्य वाटणारा बझर घरातील आजोबांना ऐकूही येत नाही. आगीच्या सूचनेसंबंधीच्या संशोधनात सुमारे ५२० हर्ट्झचा चौकोनी तरंगाचा आवाज सुमारे ३,१०० हर्ट्झच्या आवाजापेक्षा झोपलेल्यांना जागे करण्यास बराच अधिक परिणामकारक आढळला, आणि अमेरिकेतील अग्निसंकेत मानकाने झोपण्याच्या खोल्यांसाठी तो स्वीकारला. गजर-घड्याळातही लहान स्पीकर व ५२० हर्ट्झचा आवाज वापरणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

गाणे, भूपाळी किंवा ध्वनिमुद्रित शब्द वाजविण्यासाठी डीएफप्लेयर मिनी हे मेमरी कार्ड वाचणारे छोटे मॉड्यूल वापरतात. त्यास ९,६०० बॉडच्या क्रमिक जोडणीने आज्ञा देतात. संदेशाच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातल्यास स्पीकरमधील खरखर कमी होते. आवाजाच्या ० ते ३० अशा पायऱ्या असल्याने तो हळूहळू वाढविणे सोपे जाते. आंतरजालावरील रेडिओने जागे होणे सुखद असले, तरी प्रसारण बंद पडल्यास गजराच्या जागी शांतता मिळते. दहा सेकंदांत ध्वनी न आल्यास कार्डावरचा आवाज, आणि कार्डही न वाचले गेल्यास बझर, अशी उतरंड ठेवावी.

गजराच्या आधी अर्धा तास प्रकाश हळूहळू वाढवून अरुणोदयाचा भास निर्माण करण्यासाठी डब्ल्यूएस२८१२ दिव्यांची पट्टी लावतात. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. ३० दिव्यांना १.८ अँपिअर लागतात, आणि हा भार घड्याळाच्या बोर्डावरून न नेता अडॅप्टरवरून थेट द्यावा लागतो.

मराठीतून वेळ सांगणे

बोलणारे घड्याळ मराठीत करताना इंग्रजीतील युक्ती चालत नाही. इंग्रजीत एक ते एकोणीस हे शब्द आणि वीस, तीस, चाळीस, पन्नास असे एकूण तेवीस शब्द मुद्रित केले की एकोणसाठपर्यंतची कोणतीही संख्या जोडून बोलता येते. मराठीत तेवीस, त्रेचाळीस, त्रेपन्न यांतील ‘तीन’ प्रत्येक वेळी निराळे रूप घेतो, आणि एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकातून एक वजा केलेला असतो. म्हणून प्रत्येक संख्या स्वतंत्र मुद्रित करावी लागते.

त्यात भर म्हणजे पाव, अर्धा व पाऊण तासांची नावे. सव्वासहा, साडेसहा, पावणेसात ही रूपे नियमित आहेत. परंतु साडेएक व साडेदोन न म्हणता दीड व अडीच म्हणतात, आणि बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांना नुसते ‘पाऊण’, तर एक वाजून पंधरा मिनिटांना ‘सव्वा’ एवढेच पुरते. क्रियापदही बदलते: एक वाजला, दीड वाजला, पण अडीच वाजले. सोपी मांडणी अशी की पूर्ण तास, सव्वा, साडे आणि पावणे यांच्या प्रत्येकी बारा मिळून ४८ पूर्ण वाक्ये मुद्रित करावीत. उरलेल्या वेळांसाठी ‘सहा वाजून’ अशा धर्तीचे बारा तुकडे आणि ‘वीस मिनिटे’ अशा धर्तीचे ५६ तुकडे ठेवावेत. एकूण ११६ ध्वनिफितींत दिवसातील प्रत्येक मिनिट स्वाभाविक मराठीत बोलता येते. घरातील कोणाच्या आवाजात मुद्रण करण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. यांत्रिक आवाजाचे ‘सहा तीस झाले आहेत’ हे वाक्य ऐकल्यावर या खटाटोपाचे कारण कळते.

बाहेरील माहितीचा उपयोग

पाऊस असेल तर वीस मिनिटे आधी उठवावे, दिनदर्शिकेत पहाटेचे काम असल्यास त्याप्रमाणे गजर लावावा, अशा सोयी या घड्याळांचे आकर्षण असतात. येथे एक नियम कटाक्षाने पाळण्याजोगा आहे: बाहेरून आलेल्या माहितीने गजर अलीकडे यावा, पलीकडे कधीही जाऊ नये. चुकीच्या हवामान-माहितीमुळे वीस मिनिटे झोप गेली तर चालते. ‘आज सुट्टी आहे’ अशा चुकीच्या नोंदीमुळे गजर वाजलाच नाही तर चालत नाही. सुट्टीच्या दिवशी गजर बंद ठेवण्याचा निर्णय आदल्या रात्री माणसाने बटण दाबून घ्यावा, हेच इष्ट. बाहेरील सेवेने उत्तर दिले नाही अथवा अर्धवट उत्तर दिले, तर मूळ वेळ कायम राहिली पाहिजे.

सूर्योदयानुसार गजर लावण्यासाठी आंतरजालाची गरज नसते. तारीख, अक्षांश व रेखांश यांवरून ती वेळ घड्याळालाच काढता येते. मुंबईत सूर्योदय जूनच्या आरंभी सुमारे सहाला, तर जानेवारीच्या मध्यास सव्वासातच्या सुमारास होतो. नागपूर सहा अंशांहून अधिक पूर्वेस असल्याने तेथे तो मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी होतो. योगाभ्यास करणारे काही जण सूर्योदयापूर्वी १ तास ३६ मिनिटांनी सुरू होणाऱ्या ब्राह्ममुहूर्तासाठी असा सरकता गजर लावतात.

घरातील इतर उपकरणांशी संवाद साधण्यासाठी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी तयार केलेला एमक्यूटीटी हा हलका प्रोटोकॉल वापरतात. गजर वाजताच गिझर किंवा दिवा सुरू करणे त्यामुळे शक्य होते.

सुरक्षितता

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले केले. घरगुती घड्याळही आंतरजालावरचा एक संगणकच असल्याने त्यास राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर ठेवणे, बाहेरून आत येण्याचा मार्ग न उघडणे आणि दूरस्थ आज्ञावली-बदलास पासवर्ड लावणे एवढी काळजी आवश्यक आहे. वाय-फायचा पासवर्ड व हवामान सेवेची किल्ली मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या फाइलीत ठेवावी. अनेक जण आपली आज्ञावली सार्वजनिक करताना तिच्याबरोबर तीही प्रसिद्ध करून बसतात.

सांकेतिक जोडणीत एक पेच असतो. सर्व्हरचे प्रमाणपत्र वैध आहे की मुदत संपलेले, हे ठरविण्यासाठी घड्याळाला आजची तारीख ठाऊक असावी लागते. नुकत्याच सुरू झालेल्या चिपच्या मते १९७० साल चालू असते आणि त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्र तिला अवैध वाटते. पुष्कळ जण कंटाळून तपासणीच बंद करतात. सुरू होताच डीएस३२३१ कडून तारीख घेतल्यास हा पेच उद्भवत नाही.

चाचणी

घड्याळावर विसंबण्यापूर्वी ते निदान दोन आठवडे जुन्या गजराच्या जोडीने चालविण्याचा प्रघात आहे. या काळात गजराच्या पाच मिनिटे आधी राउटर बंद करून, गजर वाजत असताना अडॅप्टर काढून, मेमरी कार्ड बाहेर काढून आणि बटण सेल काढून घड्याळ सुरू करून पाहावे. शेवटच्या प्रयोगात घड्याळाला खरी वेळ ठाऊक नसते. तेव्हा त्याने चुकीची वेळ न दाखविता आकड्यांच्या जागी चार आडव्या रेषा दाखवाव्यात, म्हणजे झोपण्यापूर्वीच दोष ध्यानात येतो.